अमेरिकेत डीपीटीला अर्ज करताना: कॉलेजातल्या मुलांचे आणि त्यांच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

ही उत्तरं मुख्यतः अमेरिकेत अंडरग्रॅड करणाऱ्या आणि फिजिकल थेरपिस्ट व्हायचं ठरवलेल्या (किंवा अजून ठरत नसलेल्या) मुलांसाठी आहेत. पालकांचे प्रश्नही मध्येमध्ये आहेत, कारण ते विचारतातच. प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे असतात आणि दरवर्षी थोडे बदलतात. म्हणून कोणताही विषय, तारीख किंवा फी पक्की धरण्याआधी त्या प्रोग्रॅमचं स्वतःचं पान उघडून बघा.

डीपीटीच का? मास्टर्स करून चालत नाही?

नाही. २०१६पासून अमेरिकेत फिजिकल थेरपिस्ट म्हणून व्यवसायात येण्यासाठीची पदवी एकच आहे: डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, म्हणजे डीपीटी. बॅचलर्सनंतर साधारण तीन वर्षं. त्यातले किमान ३० आठवडे पूर्णवेळ क्लिनिकमध्ये किंवा हॉस्पिटलमध्ये काढावे लागतात. शेवटी एनपीटीई ही राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचं लायसन्स. परीक्षेला बसायचं तर कॅप्टी या संस्थेची मान्यता असलेल्या प्रोग्रॅममधून पदवी हवी. असे प्रोग्रॅम तीनशेच्या आसपास आहेत.

कोणता मेजर (पदवीचा मुख्य विषय) घेऊ?

जो पूर्ण कराल आणि ज्यात चांगले ग्रेड येतील तो. कायनेसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचा अभ्यास) किंवा एक्सरसाइज सायन्स घेतलं तर आवश्यक विषय आपोआप पूर्ण होत जातात, एवढाच फायदा. बायॉलॉजी, सायकॉलॉजी, अगदी संगीत घेतलेली मुलंही जातात. फक्त एक विचार करा: डीपीटीचा बेत पुढे बदललाच, तर हातातल्या पदवीवर काय करता येईल? नुसत्या कायनेसिऑलॉजीच्या बॅचलर्सवर नोकऱ्या फार नाहीत.

आधी कोणते विषय झालेले लागतात?

बहुतेक ठिकाणी ही यादी सारखी असते: अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजीचे दोन सेमेस्टर लॅबसह, जनरल केमिस्ट्रीचे दोन लॅबसह, फिजिक्सचे दोन लॅबसह, बायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स आणि सायकॉलॉजीचे एक-दोन विषय. काही प्रोग्रॅम एक्सरसाइज फिजिऑलॉजी मागतात, काही दुसरी सायकॉलॉजी 'डेव्हलपमेंटल' किंवा 'अ‍ॅबनॉर्मल'च हवी म्हणतात, काहींना बायॉलॉजी फक्त मेजरवाल्यांची चालते, बॉटनी किंवा इकॉलॉजी चालत नाही.

खरी अडचण या फुटकळ फरकांमध्ये आहे. मुलं पाच ठिकाणांसाठी यादी बनवतात, सहावं ठिकाण ऑगस्टमध्ये आवडतं आणि तिथे एक विषय कमी पडतो. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या शेवटीच एक तक्ता करा: आडव्या ओळीत प्रोग्रॅम, उभ्या रकान्यात विषय. ज्या रकान्यात सगळ्यात जास्त खुणा, तो विषय आधी घ्या. एकाच ठिकाणी लागणारा विषय घ्यायचा की ते ठिकाण सोडायचं, हे मग शांतपणे ठरवता येतं.

आणखी दोन गोष्टी. बहुतेक ठिकाणी सीच्या खालचा ग्रेड चालत नाही आणि पास/फेल घेतलेला विज्ञानाचा विषय चालेलच असं नाही. दुसरं, काही प्रोग्रॅम विज्ञानाचे विषय ठरावीक वर्षांच्या आतले मागतात, कुठे पाच, कुठे सात, कुठे दहा. कॉलेजातून थेट जाणाऱ्याला याचा त्रास नाही. मध्ये नोकरी करून अर्ज करणाऱ्याने मात्र हे आधी तपासावं.

कम्युनिटी कॉलेजात उन्हाळ्यात फिजिक्स घेतलं तर? ऑनलाइन लॅब? एपीचे (हायस्कूलमध्ये घेतलेल्या कॉलेज-पातळीच्या विषयांचे) क्रेडिट?

कम्युनिटी कॉलेजचे विषय बहुतेक ठिकाणी स्वीकारतात, आणि पैशाच्या दृष्टीने ते शहाणपणाचंही आहे. पण सगळे अवघड विषय तिकडे आणि सोपे विषय विद्यापीठात, असं चित्र दिसलं की निवड समितीच्या नजरेत येतं. ऑनलाइन लॅबबाबत एकमत नाही, ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. एपीचंही तसंच. काही प्रोग्रॅम एपीने सुटलेलं केमिस्ट्री मान्य करतात, काही त्याऐवजी वरच्या पातळीचा विषय मागतात.

जीपीए किती लागतो?

किमान अट बहुतेक ठिकाणी ३.० असते. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी साधारण साडेतीनच्या घरात असते. या दोन आकड्यांमधलं अंतर नीट समजून घ्या. ३.० असला की अर्ज वाचला जातो, प्रवेश मिळतोच असं नाही.

जीपीए एकच नसतो, हेही लक्षात असू द्या. समिती साधारण तीन आकडे बघते: एकूण, विज्ञानाचा (किंवा फक्त आवश्यक विषयांचा) आणि काही ठिकाणी शेवटच्या ६० क्रेडिटचा. पहिल्या वर्षी घर सोडून आलेल्या मुलाचा पाय घसरतो, त्याच्यासाठी हा तिसरा आकडा फार मोलाचा. पहिली ६० क्रेडिट ३.१ने आणि पुढची ६० ३.८ने केली तर एकूण ३.४५च दिसेल, पण शेवटच्या ६० क्रेडिटचा आकडा ३.८ राहील. जे प्रोग्रॅम तो आकडा बघतात त्यांची यादी अशा मुलांनी मुद्दाम करावी.

केमिस्ट्रीत सी आला. पुन्हा घेतला की जुना ग्रेड पुसला जातो ना?

तुमच्या कॉलेजात कदाचित पुसला जात असेल, पीटीकॅसमध्ये नाही. पीटीकॅस ही बहुतेक सगळ्या प्रोग्रॅमची सामाईक अर्जव्यवस्था आहे, आणि ती जीपीए स्वतःच्या पद्धतीने नव्याने मोजते. पुन्हा घेतलेल्या विषयाचे दोन्ही ग्रेड धरते. चार क्रेडिटच्या विषयात आधी सी आणि मग ए मिळाला, तर कॉलेजच्या कागदावर ४.० असू शकतो, पीटीकॅसच्या हिशेबात त्या आठ क्रेडिटची सरासरी ३.० होते. कॉलेजच्या पोर्टलवर दिसणारा आकडा धरून बसलेल्या मुलांना सप्टेंबरमध्ये इथेच धक्का बसतो.

म्हणून एक सी पुन्हा घेण्यापेक्षा पुढच्या अवघड विषयात ए मिळवणं कधी कधी जास्त उपयोगी पडतं. डी असेल तर मात्र पर्याय नाही, पुन्हा घ्यायलाच लागतो. काही प्रोग्रॅम पीटीकॅसचा आकडा बाजूला ठेवून आवश्यक विषयांतला चांगलाच ग्रेड धरतात. तेही तक्त्यात एक रकाना करून लिहा.

जीआरई (ग्रॅज्युएट प्रवेशासाठीची सामाईक परीक्षा) द्यावी लागते का?

आता पुष्कळ ठिकाणी नाही. तुमच्या यादीत दोन-तीन ठिकाणी मागत असतील आणि ती ठिकाणं खरोखर हवी असतील तरच द्या. सप्टेंबर २०२३पासून परीक्षा दोन तासांच्या आत संपते आणि गुण पाच वर्षं चालतात. गुण पाठवताना विद्यापीठाचा नेहमीचा कोड न टाकता त्या डीपीटी प्रोग्रॅमचा पीटीकॅससाठी दिलेला कोड टाका, नाहीतर गुण विद्यापीठाच्या दुसऱ्याच टेबलावर जाऊन पडतात.

निरीक्षणाचे तास किती आणि कुठे करायचे?

निरीक्षण म्हणजे थेरपिस्टला काम करताना जवळून बघणं. काही प्रोग्रॅम एकही तास मागत नाहीत, काही शंभर किंवा त्याहून जास्त मागतात. तास लायसन्स असलेल्या फिजिकल थेरपिस्टच्या देखरेखीखाली झालेले हवेत. कायरोप्रॅक्टर, अ‍ॅथलेटिक ट्रेनर किंवा पर्सनल ट्रेनर यांच्याकडचे तास त्यात धरत नाहीत. पगार घेऊन एड किंवा टेक (थेरपिस्टचा मदतनीस) म्हणून केलेलं काम अनेक ठिकाणी चालतं.

आकड्यापेक्षा विविधता जास्त महत्त्वाची आहे, आणि इथे मुलं सगळ्यात जास्त कमी पडतात. घराजवळच्या आउटपेशंट ऑर्थो क्लिनिकमध्ये (हाडं-सांध्यांच्या त्रासासाठी लोक येऊन-जाऊन उपचार घेतात तिथे) दीडशे तास काढणं सोपं असतं, कारण तिथे ओळखीने, एका फोनवर जागा मिळते. तिथे दिसतात गुडघे, खांदे आणि पाठी. हॉस्पिटलमध्ये मात्र पक्षाघातानंतर पहिल्यांदा पलंगाच्या कडेला बसवलेला माणूस दिसतो, नळ्या सांभाळत अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला चार पावलं चालवणारे थेरपिस्ट दिसतात. नर्सिंग होममध्ये वेगळं, मुलांच्या शाळेत वेगळं. बरेच प्रोग्रॅम इनपेशंटचे (हॉस्पिटलात दाखल रुग्णांसोबतचे) काही तास स्पष्टपणे मागतात. ते मागोत न मागोत, हा व्यवसाय आपल्याला झेपेल का, याचं उत्तर ऑर्थो क्लिनिकमध्ये पूर्ण मिळत नाही.

हॉस्पिटलमध्ये जागा मिळायला वेळ लागतो: व्हॉलंटियर विभागाचा अर्ज, टीबीची तपासणी, फ्लूची लस, रुग्णांच्या गोपनीयतेचं प्रशिक्षण. जूनमध्ये तास हवे असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्येच अर्ज टाका. पंधरा क्लिनिकना ईमेल केल्यावर दोघांचं उत्तर येतं, यात अपमान वाटून घेऊ नका. प्रत्यक्ष जाऊन रिसेप्शनवर विचारलेलं बहुतेक वेळा जास्त चालतं.

तिथे गेल्यावर काय करायचं? फोन खिशात ठेवायचा. रुग्णासमोर प्रश्न विचारायचे नाहीत, नंतर विचारायचे. रोज घरी येऊन चार ओळी लिहायच्या: कुठला त्रास, थेरपिस्टने काय केलं, का केलं, रुग्ण काय म्हणाला. नाव लिहायचं नाही. सहा महिन्यांनी निबंध लिहायला बसाल तेव्हा ही वही उघडाल, आणि तिच्यातलं निम्मं तुम्ही विसरलेले असाल.

तास झाले की त्याच आठवड्यात थेरपिस्टकडून नोंद तपासून घ्या. दोन वर्षांनी ते नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेलेले असतात.

माझे काकाच पीटी आहेत. त्यांच्याकडे तास केले तर?

तास काही ठिकाणी धरतील, पण ते पत्र लिहू शकणार नाहीत, नातेवाइकांची शिफारस चालत नाही. काकांचा खरा उपयोग वेगळा आहे. त्यांच्या ओळखीच्या हॉस्पिटलमधल्या थेरपिस्टकडे शब्द टाकायला सांगा. आणि त्यांना एक प्रश्न जरूर विचारा: संध्याकाळी घरी आल्यावर नोट्स लिहायला किती वेळ लागतो? या व्यवसायातला कागदपत्रांचा आणि इन्शुरन्सचा भाग मुलांना कुणी दाखवत नाही.

शिफारसपत्रं कुणाची?

पीटीकॅसमध्ये जास्तीत जास्त चार देता येतात. कुणाची हवीत हे प्रोग्रॅम ठरवतो. साधारण एक फिजिकल थेरपिस्टचं आणि एक-दोन प्राध्यापकांची. दोनशे मुलांच्या वर्गात ए दिलेल्या पण तुमचं नाव माहीत नसलेल्या नामवंत प्राध्यापकांपेक्षा लॅबमध्ये दर आठवड्याला तुम्हाला बघणाऱ्या साध्या लेक्चररचं पत्र दसपट बरं. मागताना 'चांगलं पत्र लिहू शकाल का' असं स्पष्ट विचारा आणि समोरचे घुटमळले तर आभार मानून दुसऱ्यांकडे जा. पत्र वाचण्याचा हक्क सोडा, म्हणजे समिती त्याला वजन देते. एप्रिल-मेमध्ये मागा, सप्टेंबरमध्ये प्राध्यापकांच्या मागे अशी वीस मुलं असतात.

निबंधात काय लिहायचं?

पीटीकॅसच्या निबंधाला ४,५०० कॅरेक्टरची मर्यादा आहे, मोकळ्या जागा धरून. म्हणजे एक पान आणि थोडं. त्याशिवाय बरेच प्रोग्रॅम आपले वेगळे छोटे प्रश्न विचारतात. एकदा सबमिट केलं की निबंध बदलता येत नाही.

या निबंधांत सगळ्यात जास्त वेळा येणारी गोष्ट: शाळेत फुटबॉल किंवा बास्केटबॉल खेळताना गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, शस्त्रक्रिया झाली, थेरपिस्टने परत मैदानात आणलं, म्हणून मला थेरपिस्ट व्हायचंय. ती खरी असेल तर लिहायला हरकत नाही, पण ती तीन ओळींत संपवा. तुम्ही रुग्ण होतात हे कळलं. आता खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला बसायचं आहे, त्याबद्दल तुम्ही काय पाहिलंत ते सांगा. आपल्या घरांत दुसरं एक रूप असतं, आजीच्या खुब्याच्या हाडाचं. तेही तसंच. आजी निबंधाची नायिका होते आणि अर्जदार कुठेच दिसत नाही.

चांगला निबंध बहुधा एखाद्या छोट्या, नेमक्या प्रसंगातून पुढे जातो. रुग्णाने व्यायाम करायला नकार दिला, तेव्हा थेरपिस्टने काय केलं? आग्रह केला, व्यायाम बदलला, की शेजारी बसून दहा मिनिटं नुसतं ऐकलं? तुम्हाला तेव्हा काय वाटलं आणि आता काय वाटतं? इथे तुमची विचार करायची पद्धत दिसते. घरात दोन भाषा बोलता, हॉस्पिटलमध्ये एखाद्या आजोबांशी मराठीतून किंवा हिंदीतून बोलून त्यांना सूचना समजावली असेल, तर ते लिहा. तो खरोखर कामाचा मुद्दा आहे.

'मला लोकांना मदत करायला आवडतं' हे वाक्य काढून टाका. नर्सला, शिक्षकाला, अग्निशमन दलातल्या माणसालाही आवडतं.

एआयकडून लिहून घेऊ का, हा आता पहिला प्रश्न झाला आहे. पीटीकॅसमध्ये मजकूर तुमचाच असल्याचं तुम्ही प्रमाणित करता. आणि मुलाखतीत त्याच निबंधातल्या ओळीवर प्रश्न येतो, तेव्हा दुसऱ्याचं वाक्य तोंडात बसत नाही.

अर्ज नक्की कधी भरायचा?

पीटीकॅसचा हंगाम साधारण जूनच्या मध्याला उघडतो, पुढच्या वर्षी सुरू होणाऱ्या वर्गासाठी. चार वर्षांत पदवी संपवून थेट जायचं असेल तर तिसरं वर्ष संपल्यावरचा उन्हाळा हाच अर्जाचा काळ. मुदती ऑक्टोबरपासून पुढे पसरलेल्या असतात, पण बरेच प्रोग्रॅम अर्ज येतील तसे वाचून जागा भरत जातात. तिथे मुदतीच्या आदल्या दिवशी आलेला अर्ज आणि ऑगस्टमध्ये आलेला अर्ज यांना सारखी संधी नसते.

ट्रान्स्क्रिप्ट हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त अडवणारा भाग. जिथे जिथे कॉलेजचं एखादं क्रेडिट घेतलं, त्या प्रत्येक ठिकाणचं अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट पीटीकॅसकडे जायला हवं. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात घेतलेला एक विषयसुद्धा यात आला. मग प्रत्येक विषय तुम्ही स्वतः अर्जात टंकायचा, ट्रान्स्क्रिप्टवर आहे तसाच, आणि पीटीकॅस तो पडताळून बघते. चुकलात तर अर्ज परत येतो आणि रांगेत पुन्हा मागे. पडताळणीला काही आठवडे लागू शकतात. शिफारसपत्रं यायची बाकी असली तरी अर्ज सबमिट करता येतो, तेवढ्यासाठी थांबू नका.

काही ठिकाणी 'अर्ली डिसिजन' असतं: एकाच ठिकाणी अर्ज, मिळालं तर जायलाच हवं. खर्च आधी माहीत असेल आणि मन पक्कं असेल तरच तो मार्ग.

किती ठिकाणी अर्ज करू आणि निवडू कशी?

पहिल्या अर्जाला दीडशे डॉलरच्या आसपास आणि पुढच्या प्रत्येकाला साठेक डॉलर लागतात, काही विद्यापीठं वर स्वतःची फी घेतात. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी पीटीकॅसची फी-माफी आहे, पण ती सबमिट करण्याआधी मागावी लागते. सहा ते दहा ठिकाणं बहुतेकांना पुरतात.

निवडताना मुलं आधी रँकिंग उघडतात. यूएस न्यूजचं डीपीटीचं रँकिंग प्राध्यापक आणि विभागप्रमुख एकमेकांच्या प्रोग्रॅमबद्दल काय मत देतात, केवळ त्यावर बेतलेलं असतं. तुमची फी, तुमचा निकाल, तुमची नोकरी त्यात कुठेच नाही. नोकरी देणारं हॉस्पिटल लायसन्स बघतं आणि तुम्ही क्लिनिकलला कुठे होतात ते विचारतं. पहिल्या नोकरीचा पगार त्या शहरावर आणि कामाच्या जागेवर ठरतो, पदवीवरच्या नावावर फारसा नाही. म्हणून मी रँकिंगला जवळजवळ किंमत देत नाही.

त्याऐवजी हे बघा. कॅप्टीच्या नियमानुसार प्रत्येक प्रोग्रॅमला आपले निकाल जाहीर करावे लागतात: किती जणांनी पदवी पूर्ण केली, किती जण एनपीटीई अखेरीस पास झाले, किती जणांना नोकरी लागली. दोन वर्षांच्या सरासरीत किमान ८५ टक्के पास आणि ८० टक्के पदवी पूर्ण, ही मान्यता टिकवण्याची अट आहे. 'अखेरीस पास' हा आकडा जवळपास सगळीकडे चांगला असतो, म्हणून पहिल्याच प्रयत्नात किती पास झाले ते मुद्दाम विचारा. पदवी पूर्ण करणाऱ्यांचा टक्का कमी असेल तर मुलं कुठे गळतात तेही विचारा. प्रोग्रॅम नवा असेल तर त्याला पूर्ण मान्यता आहे की तो अजून उमेदवार दर्जात आहे, ते बघा.

क्लिनिकलच्या जागा कुठे असतात, त्या काळात राहायचा आणि प्रवासाचा खर्च कुणाचा, हे विचारायला लाजू नका. ३० आठवड्यांतले बरेचसे तुम्हाला दुसऱ्या शहरात, स्वतःच्या पैशाने काढावे लागू शकतात.

खर्च किती? कर्ज काढणं परवडतं का?

हा प्रश्न पालक पहिल्यांदा विचारतात आणि मुलं शेवटी. माझ्या मते पालकांचा क्रम बरोबर आहे.

राज्याच्या सरकारी विद्यापीठात तिथल्याच रहिवाशाला तीन वर्षांची फी आणि खाजगी विद्यापीठाची फी यांत दुपटीचा फरक सहज पडतो. २०२४च्या केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार फिजिकल थेरपिस्टचं मध्यम वेतन वर्षाला १,०१,०२० डॉलर होतं. नव्या माणसाची सुरुवात बहुधा त्याखाली होते. दीड लाख डॉलरचं कर्ज ७ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे १,७४० डॉलर जातात. ऐंशी हजारांचं असेल तर ९३० डॉलर. लायसन्स दोघांनाही तेच मिळतं आणि पगारही साधारण तोच.

आता कर्जाचे नियमही बदलले आहेत. जुलै २०२५मध्ये झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे कर्ज बंद केलं. पूर्वी उरलेला सगळा खर्च त्यातून भागवता यायचा. आता ग्रॅज्युएट अभ्यासक्रमांना केंद्राच्या कर्जाची मर्यादा वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० डॉलर आहे, 'प्रोफेशनल' पदव्यांना वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,०००. शिक्षण खात्याने २०२५च्या अखेरीस पुढे आणलेल्या 'प्रोफेशनल'च्या व्याख्येत फिजिकल थेरपी धरलेली नव्हती. तीन वर्षांचे २०,५००प्रमाणे ६१,५०० होतात. फी आणि राहणं मिळून १,८०,००० येत असेल, तर उरलेले १,१८,५०० कुठून आणणार, याचं उत्तर प्रवेश स्वीकारण्याआधी हवं. खाजगी कर्जाला बहुधा पालकांची सही लागते. हा विषय विद्यापीठाच्या आर्थिक मदत कार्यालयाशी बोलून, त्या वर्षीच्या नियमांनुसार तपासा.

कमी करायचे मार्ग: आपल्या राज्यातलं सरकारी विद्यापीठ, ग्रॅज्युएट असिस्टंटशिप (डीपीटीत थोड्याच असतात), आणि अमेरिकन नागरिक असाल तर सॅन अँटोनियोमधला आर्मी-बेलर प्रोग्रॅम. तिथे फी नाही, उलट पगार मिळतो, बदल्यात लष्करात सेवा करायची. ना-नफा किंवा सरकारी हॉस्पिटलमध्ये पूर्णवेळ नोकरी करताना केंद्राच्या कर्जाचे १२० पात्र हप्ते भरले की उरलेलं माफ होण्याची योजनाही आहे. खाजगी कर्जाला ती लागू नाही.

बारावीनंतर थेट सहा वर्षांचा प्रोग्रॅम घ्यावा का?

बोस्टनचं नॉर्थईस्टर्न, इथाका कॉलेज, पिट्सबर्गचं ड्यूकेन, अशा काही ठिकाणी हायस्कूलमधून थेट प्रवेश मिळतो. एक वर्ष वाचतं, अर्जाची धावपळ टळते. पण ठरावीक जीपीए राखावा लागतो, आणि यातले बरेच खाजगी आहेत. सतराव्या वर्षी घेतलेला निर्णय एकविसाव्या वर्षी बदलावासा वाटला तर खर्च झालेला असतो. हायस्कूलमध्येच निरीक्षणाचे तास करून मन पक्कं झालेल्या मुलाला मी हो म्हणेन, एरवी नाही.

दोन वर्षांचे हायब्रिड प्रोग्रॅम?

मान्यता असेल तर पदवी तीच. व्याख्यानं ऑनलाइन, प्रात्यक्षिकांसाठी अधूनमधून कॅम्पसवर जायचं. एक वर्ष लवकर कमाई सुरू होते, पण मध्ये श्वास घ्यायला सुटी जवळजवळ नसते. स्वतःच्या शिस्तीवर अभ्यास करणाऱ्या, थोडं वय झालेल्या मुलांना जास्त मानवतो.

मी एच-४ वर (पालकांच्या एच-१बी वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) आहे. अडचण येईल का?

येऊ शकते, आणि ती लवकर बघायला हवी. २१ पूर्ण झाल्यावर एच-४ राहत नाही, म्हणून बहुतेकांना कॉलेजच्या मध्येच एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. केंद्राचं कर्ज मिळत नाही, आणि काही प्रोग्रॅम फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांनाच घेतात. यादी करतानाच हे विचारा. एक बरी बाजू: ग्रीनकार्डच्या प्रक्रियेत फिजिकल थेरपिस्ट आणि नर्स यांना शेड्यूल ए या गटात धरलेलं आहे, त्यामुळे लेबर सर्टिफिकेशनचा (त्या कामाला अमेरिकेत माणूस मिळत नाही हे दाखवण्याचा) टप्पा वगळला जातो. भारतात जन्मलेल्यांसाठीची रांग मात्र त्याने चुकत नाही.

माझी चुलत बहीण भारतात बीपीटीएच (फिजिओथेरपीची बॅचलर्स) झाली आहे. तिनेही डीपीटीला अर्ज करायचा का?

बहुधा गरज नाही. तिचा रस्ता वेगळा: पदवीचं मूल्यमापन (हे काम एफसीसीपीटी करते), इंग्रजीची परीक्षा, मग एनपीटीई. मूल्यमापनात कमी पडलेली क्रेडिट भरून काढावी लागतात. राज्याराज्यांत अटी वेगळ्या आहेत, तेव्हा राज्य आधी ठरवायचं. पात्र थेरपिस्टसाठी 'ट्रान्झिशनल डीपीटी' असतं, पण त्याने लायसन्स मिळत नाही, हे एजंट लोक नेहमी सांगत नाहीत.

मुलाखतीत काय होतं?

काही ठिकाणी दोन प्राध्यापकांसमोर अर्धा तास, काही ठिकाणी गटात एखादं काम, काही ठिकाणी एमएमआय, म्हणजे काही मिनिटांच्या वेगवेगळ्या खोल्या आणि प्रत्येक खोलीत एक प्रसंग. उदाहरणार्थ, वर्गमित्र परीक्षेत नक्कल करताना दिसला, काय कराल? पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं. काही ठिकाणी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओ उत्तरांची फेरी आधी असते. त्याचा सराव फोनवर स्वतःला बघत करा, पहिल्यांदा बघताना नको वाटतं, तरी करा.

'मेडिकलला का नाही गेलात?' हा प्रश्न येतो, आणि आपल्या घरांत तो आधीच विचारून झालेला असतो. 'तिकडे मिळालं नसतं' हे उत्तर मनात असेल तर आधी ते स्वतःशी सोडवा. पालकांनाही एकच सांगणं: पीटी हा डॉक्टर होण्याचा मधला थांबा नाही. ज्या मुलीला रुग्णासोबत पाऊण तास घालवायचा आहे, तिला पंधरा मिनिटांची ओपीडी नको असते.

वेटलिस्टवर आहे / कुठेच मिळालं नाही. आता?

वेटलिस्ट उन्हाळ्यापर्यंत हलते, कारण बऱ्याच मुलांना एकाहून जास्त ठिकाणी जागा मिळालेली असते आणि डिपॉझिट भरूनही ती सोडतात. नवा सेमेस्टर चांगला गेला असेल तर तेवढंच कळवणारं छोटं पत्र पाठवा, प्रोग्रॅम स्वीकारत असेल तर. दर आठवड्याला फोन करू नका.

सगळीकडून नकार आला तर प्रत्येक प्रोग्रॅमला ईमेल करून कारण विचारा. सगळे सांगत नाहीत, पण दोन-तीन सांगतात, आणि तेवढं पुरतं. विज्ञानाचे ग्रेड कमी म्हणाले तर वरच्या पातळीचे एक-दोन विषय घेऊन ए आणा. तास किंवा अनुभव कमी म्हणाले तर वर्षभर टेकची नोकरी करा, पैसेही मिळतील. अर्ज उशिरा आला होता म्हणाले तर तोच अर्ज, नव्या निबंधासह, जूनच्या शेवटी भरा. आणि यादी बदला: त्याच आठ ठिकाणी तसाच अर्ज पुन्हा टाकणाऱ्यांना बहुधा तेच उत्तर मिळतं.